भागीरथीबाईंची रिकामी जागा

धामणनेर महानगरपालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर एका खोलीच्या दारावर 'भूकंपन विश्लेषण कक्ष' अशी भारदस्त पाटी होती, आणि सगळं कार्यालय त्या खोलीला कानघर म्हणायचं. कानघरात प्रणिता गावंडे बसायची. कानावर हेडफोन, समोर संगणकाचा पडदा, टेबलाच्या कोपऱ्यात डब्यात भाजलेले शेंगदाणे. कुठे पाइप फुटला, कुठे रस्त्याखालची माती सरकली, कुठल्या पुलावरून नको इतका जड ट्रक गेला, ते तिला बसल्या जागी कळायचं. स्वतःच्या घरात काय चाललंय ते मात्र कळत नव्हतं. पण ते तसं कुणालाच कळत नाही.

यामागचं शास्त्र वाटतं तेवढं अवघड नाही. इंटरनेटसाठी शहरभर जमिनीत काचेच्या केसासारख्या तारा पुरलेल्या होत्या. त्यांच्या एका टोकातून प्रकाशाचा ठोका सोडायचा. काच कितीही शुद्ध असली तरी वाटेत ठिकठिकाणाहून कणभर प्रकाश उलटा फिरून परत येतो. वरून कुणी चाललं की माती दबते, मातीबरोबर काच ताणली जाते, अगदी डोळ्याला कधीच दिसणार नाही इतकी, आणि परतणाऱ्या प्रकाशाचा ताल चुकतो. कुठे चुकला ते परतीला लागलेल्या वेळावरून काढता येतं. म्हणजे तार एकच, पण तिला कान हजारो. पाणीगळती शोधायला बसवलेली ही यंत्रणा हळूहळू पावलंही ओळखायला लागली, कारण माणसाचं चालणं त्याच्या सहीसारखं असतं. कुणी टाच आपटतं, कुणाचा डावा पाय रेंगाळतो, कुणी दर चार पावलांना थबकतं.

यंत्राला हे शिकवण्यात प्रणिताचा मोठा हात. बी.ए. अर्धवट सोडून संसाराला लागलेली बाई. मुलगी शाळेत गेली की मोबाइलवर येणाऱ्या धक्क्यांना नावं द्यायचं घरबसल्या काम घ्यायची. ही म्हैस, ही सायकल, हा सिलिंडरवाला. तसं करत करत ती इथवर पोचली होती. कायदा मात्र कडक होता. पावलावरून माणूस ओळखू आला तरी त्याच्या परवानगीशिवाय त्याचं नाव लावायचं नाही.

मार्चच्या सुरुवातीला उपायुक्त इंगळे स्वतः कानघरात आले. साहेब माणूस भला होता. उभ्याउभ्याच दोन शेंगदाणे उचलून तोंडात टाकले.

"गावंडे मॅडम, भागीरथीबाईंची जागा माहितीये ना?"

"माझ्या घराच्या मागेच आहे साहेब. भिंत अन् कुलूप, दुसरं काय आहे तिथे?"

"तेच तुमच्या यंत्राकडून पाहिजे. लेखी."

भागीरथीबाई सरोदे या जिनिंगवाल्याच्या विधवेने सत्तरेक वर्षांपूर्वी गावाच्या मध्यावरची ती जमीन नगरपालिकेला बक्षीस दिली होती, आणि बक्षीसपत्रात अट घातली होती: 'सदरहू जागेत गावातील स्त्रियांना काहीएक काम न करता बसता यावे.' पुढे असंही होतं की सलग वीस वर्षं कुणी स्त्री तिथे बसली नाही, तर अट सरेल आणि नगरपालिकेने जागेचं योग्य ते करावं. नगरपालिकेची महानगरपालिका झाली, पण काही न करण्यासाठी नक्की काय बांधावं हे कुठल्याच अभियंत्याला सुचलं नाही. शेवटी भिंत बांधली, फाटकाला कुलूप लावलं आणि विषय मिटवला. कुलूप गंजून फाटकाचाच अवयव झालं होतं.

आता तिथे थंडघर करायचं होतं. जमिनीखाली दोन मजले, गार, फुकट. उन्हाळ्यात ज्याच्या डोक्यावर पत्रा आहे त्याने भरदुपारी येऊन पडावं.

"तार तिथून गेलीये, वीस वर्षांची नोंद आहे," इंगळे म्हणाले. "एकदा रिकामी ठरली की झाडं काढून खोदायला घेतो. पुढच्या वर्षीच्या मेच्या आत उभं राहिलं पाहिजे. मागच्या मेमध्ये काय झालं, तुम्हाला सांगायला नको."

सांगायला नकोच होतं. प्रणिताच्या गल्लीच्या तोंडावर रसवंती चालवणारे बोबडेकाका मागच्या मेमध्ये चरकाशेजारीच बसल्या बसल्या गेले. गिऱ्हाइकांना वाटलं, डोळा लागलाय. त्यांनी पैसे ठेवून आपापले पेले भरून घेतले.  प्रणिता म्हणाली, "उद्या देते साहेब."

दुसऱ्या दिवशी तिने त्या तुकड्याची नोंद उघडली. यंत्राने सगळ्याला एकच शिक्का मारून ठेवला होता: शेळ्या.

बरोबरच वाटलं. हलकी पावलं, अनवाणी, घोळक्याने येणारी, चालता चालता थांबणारी. अशा चालीला शेळ्या म्हणायचं, हे तिनेच यंत्राला शिकवलं होतं. ती 'मान्य' वर बोट ठेवणार, तेवढ्यात तिला वाटलं, या शेळ्या फार शिस्तीच्या आहेत. जेवणं उरकली, भांडी घासून झाली की यायच्या. चार वाजता चहाच्या वेळेला जायच्या. दिवाळीच्या आठवड्यात एकही नाही. उन्हाळी सुट्टीत कमी. आणि रविवारी कधीच नाही.

"रविवारी सुट्टी घेणाऱ्या शेळ्या," प्रणिता स्वतःशीच म्हणाली, आणि तिने हेडफोन नीट बसवले.

यंत्र कंपनाचा आवाज करून ऐकवायचं. थप, थप, थप. एक जड बाई. एक भरभर चालणारी. एक पाय ओढणारी. मग त्यातून एक चाल वेगळी झाली. एक लांब, एक आखूड, एक लांब, आणि थांबण्याआधी टाच जराशी घासलेली. प्रणिताचा हात डब्यातच राहिला. ही टाच तिने लग्न होऊन आल्यापासून ऐकली होती. स्वयंपाकघरात पाठमोरी उभी असताना ऐकून तिने घाईघाईने गॅस बारीक केला होता, हातातला मोबाइल पिठाच्या डब्यामागे सरकवला होता.

सासूबाई. म्हणजे आत्याबाई, शशिकला गावंडे, ज्या तीन वर्षांपूर्वी न्हाणीत पडल्यापासून वॉकरशिवाय बाथरूमपर्यंतसुद्धा जात नव्हत्या.

संध्याकाळी घरी आली तर आत्याबाई नेहमीसारख्या दिवाणावर. पायावर चादर, शेजारी वॉकर, उशाशी प्रणिताच्या नवऱ्याने, प्रफुल्लने, आणून दिलेली घंटी. घंटी वाजली.

"आली काय वं? जरा तेल कोमट करून आन. आज गुडघे लयच ठणकून राह्यले."

"आज चालणं झालं का काही?" प्रणिताने तेलाची वाटी ठेवत विचारलं.

"कोठी चालतो बाई मी? देवाले दया येत नाही."

प्रफुल्ल ऑफिसातून आला तो थेट आईपाशी. हा मोठा सुस्वभावी माणूस. आईसाठी त्याने न्हाणीत दांडे बसवले, उंबरे काढून टाकले, लग्नकार्याला न्यायचं तर तिला दोन्ही हातांवर उचलून गाडीत ठेवायचा. आता तो खाली बसून तिच्या गुडघ्याला तेल लावायला लागला, आणि दिवसभर ऑफिसात काय काय झालं ते लहान पोरासारखं सांगायला लागला. आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले. प्रणिता दारातून पाहत राहिली. राग यायला हवा होता, पण तिला हसू येत होतं.

दुसऱ्या दिवशी 'स्थळपाहणी' असं लिहून ती दुपारची बाहेर पडली. ऊन असं की कुत्रीही गाड्यांखालून डोकं बाहेर काढत नव्हती. भिंतीला वळसा घालताना जुन्या रेशन दुकानामागे तिला काही विटा सुट्या दिसल्या, मांडणीतल्या डब्यांसारख्या नीट रचलेल्या. चार विटा काढल्या आणि ती वाकून आत गेली.

आत चपलांची ओळ होती. पुढे चिंचेची तीन झाडं, आणि खाली गारवा. दहा-बारा बायका सावलीत पसरल्या होत्या. कुणी कुशीवर, कुणी नुसतीच वर फांद्यांकडे बघत. कुणी बोलत नव्हतं. मधोमध आत्याबाई उताण्या, आणि पाय चिंचेच्या बुंध्याला वर टेकवलेले.

"थांब वं," भगदाडाजवळची एक जाडजूड बाई म्हणाली. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीतल्या सुमनताई काळबांडे. "हातात काय हाय?"

"हे... मोजायचं यंत्र."

"म्हंजे काम. बाहेर ठेव. इथं काम आनता येत नाही. परवा एक जन मटार घेऊन आली, तिले बी वापस पाठोली."

हा आवाज ऐकून आत्याबाईंनी मान वळवली. सून दिसली. पाय झाडावरून खाली आले, पण घाई नव्हती.

"आली तं आली. चप्पल काढ," त्या म्हणाल्या.

प्रणिताने यंत्र विटांपलीकडे ठेवलं, चप्पल काढली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली. जरा वेळाने म्हणाली, "गुडघे कसे आहेत?"

"इथं बरे रायते."

"आत्याबाई, वॉकर कशाला मग?"

"सहा महिन्यांतच बरी झाली होती मी. पन मी चालून राह्यली हे प्रफुल्लले समजलं, तं मंग कोठी चालली, उन्हात कायले चालली, संगं कोन हाय, फोन घेतला काय! पडून रायली तं दुपारी कोनी विचारत नाही. तुमचं प्रेम लय जड हाय वं बाई. थोडा वेळ उतरवून ठेवाले येतो इथं."

"मग महानगरपालिकेला सांगायचं ना, आम्ही येतो म्हणून. फाटक उघडलं असतं."

आजूबाजूच्या दोन-तीन बायका हसल्या. सुमनताई म्हणाल्या, "शिवाजीवार्डातल्या बागेचं पाह्यलं ना? लाद्या बसोल्या, व्यायामाचे लोखंड आनले, फोटो काढाले मोठं लाल बदाम उभं केलं, अन् फाटकावर वॉचमन. म्हने, काय काम हाय? आता नाही हाय काम, तं काय सांगाव त्याले? म्हनून आमी चपला काढतो, विटा वापस लावतो, निशानी ठेवत नाही."

प्रणिताला तेव्हा सगळं एकदम दिसलं. इतक्या वर्षांत या बायकांनी आपल्या जागेवर आपला एक ठसा उमटू दिला नव्हता, आणि म्हणूनच ती जागा आता त्यांच्या हातून जाणार होती. तिने त्यांना सांगितलं. थंडघर, बक्षीसपत्र, वीस वर्षं, शेळ्या, सगळं.

कुणी एकदम भडकलं नाही. "थंडघर तं पाह्यजेच," पाय ओढणारी बाई हळूच म्हणाली, आणि प्रणिताने तिला ओळखलं. रसवंतीच्या बोबडेकाकांची बायको. "पन इथंच पाह्यजे काय?"

"मी लिहीन बायका आहेत म्हणून. पण नाव नसलेलं पाऊल पुराव्यात धरत नाहीत. निदान एकीने सांगावं लागेल की हे पाऊल माझं. नाव लागेल, पेपरात येईल."

 प्रत्येकीला घर होतं. कुणी सासऱ्याला सांगितलं होतं भजनाला जाते, कुणी सुनेला सांगितलं होतं दवाखान्यात जाते. आत्याबाई वर फांद्यांकडे पाहत राहिल्या. प्रणिताने त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. हे मागायची गोष्ट नव्हती. चार वाजायला आल्यावर ती उठली, विटा पुन्हा रचल्या आणि ऑफिसात जाऊन यंत्रातला 'शेळ्या' हा शिक्का पुसून 'स्त्रिया' असं लिहिलं. नावाचा रकाना रिकामाच.

अट सरली की नाही, यावर इंगळेसाहेबांनी सुनावणी लावली. तिच्या आदल्या संध्याकाळी जेवायची ताटं मांडली होती. प्रफुल्ल आईचं ताट घेऊन आत निघाला, तोच दिवाण करकरला. एक लांब, एक आखूड, एक लांब. आत्याबाई दारात आल्या. ना वॉकर ना भिंतीचा आधार. येऊन खुर्चीवर बसल्या.

"आन इकडे," त्या म्हणाल्या.

प्रफुल्लच्या हातातलं ताट तिरकं झालं आणि वरण त्याच्या अंगठ्यावर सांडलं. "आई! तू... अगं, चमत्कारच..."

"चमत्कार नाही. रोजच चालतो."

मग त्यांनी सगळं सांगितलं, उद्या सुनावणीत आपलं नाव देणार तेही, न थांबता, खाली ताटाकडे पाहत. प्रफुल्ल ऐकत उभाच होता. त्याचे कान लाल झाले.

"म्हणजे मी तुला उचलून... राजूच्या लग्नात तीन मजले चढलो मी तुला घेऊन!"

"मले माहीत हाय."

"मग बोलली का नाहीस? हसत होतीस मला?"

आत्याबाईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. "हसू कायले रे? तुह्या बापाने कधी माह्या हाताले धरून रस्ता ओलांडला नाही. तू उचलत होता, मले बरं वाटत होतं. दोन्ही पाह्यजे होतं मले. उचलनं बी, अन् दुपार बी. एवढंच खोटं बोलली मी."

प्रफुल्लने ताट ठेवलं आणि बेसिनपाशी जाऊन बराच वेळ अंगठा धूत राहिला. परत येऊन तो म्हणाला, "उद्या सुनावणीला गाडीने सोडतो तुम्हा दोघींना. उचलणार नाही."

सुनावणीला फार वेळ लागला नाही. इंगळेसाहेबांनी नोंद ऐकली, कागदावरचं नाव पाहिलं, मग समोर बसलेल्या आत्याबाईंकडे पाहिलं.

"आजी, तुम्ही तिथे नेमकं काय करायच्या?"

"काहीच नाही साहेब."

"काहीच नाही?"

"लिहून घ्या ना. तसंच लिवलं हाय भागीरथीबाईनं."

साहेबांनी लिहून घेतलं. अट कायम राहिली. पण चेहरा पडला होता त्यांचा. "मग थंडघराचं काय करू मी? मे कुणासाठी थांबतो?"

प्रणिता आदल्या रात्री बऱ्याच उशिरापर्यंत याच गोष्टीवर कूस बदलत राहिली होती. ती म्हणाली, "साहेब, ऐकायचंच तर महानगरपालिकेच्या सगळ्याच जागा ऐकू. फक्त बायकांचीच का झडती?"

आठवडाभर तिने शहर ऐकलं. नगरसेवकांच्या मनोरंजन केंद्रामागे टेनिसचं मैदान होतं, हिरवी जाळी, झोकदार फाटक, पाण्याचं आणि विजेचं बिल नियमित. त्याच्या नोंदीत इतक्या वर्षांत झाडूवाला सोडून फक्त एक मांजर होती, तिने तिथे तीन वेळा पिल्लं घातली होती. सभागृहात त्यावर मोठी खडाजंगी झाली. 'आम्ही खेळणारच होतो' असंही कुणी म्हणालं. पण बोबडेकाकी गॅलरीत बसून नुसत्या बघत होत्या, आणि त्यांच्याकडे पाहून कुणाला फार वेळ खेळायचं नाव काढवेना. थंडघर मैदानाखाली मंजूर झालं.

भागीरथीबाईंच्या जागेचं फाटक उघडलं. लाद्या नकोत, दिवे नकोत, वॉचमन नको, असा बायकांनी अर्ज दिला. काहीतरी करू नका असा अर्ज महानगरपालिकेकडे पहिल्यांदाच आला म्हणे.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण आत्याबाईंचं पाऊल आता यंत्राला नावानिशी माहीत झालं होतं, आणि यंत्राला एकदा कळलं की ते एकाच जागेपुरतं कळत नाही. एका सकाळी प्रणिताने पडदा उघडला तर शहराच्या नकाशावर एक ठिपका चालत होता. शशिकला गावंडे, भाजीबाजार. शशिकला गावंडे, बसस्थानक. बसस्थानकावर काय? एका बाकावर बराच वेळ, मग परत. प्रणिता पाहत राहिली. तिला ते आवडायला लागलं. मग रोज आवडायला लागलं. संध्याकाळी चुकून बोलून गेली, "आज जिलबीच्या दुकानात थांबल्या होत्या वाटतं?" आत्याबाईंचा घास हातातच थांबला.  दुसऱ्या दिवशी ठिपका घराबाहेर पडलाच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

प्रफुल्लला कळलं तेव्हा तो हरखला. "अगं, हे आधी नाही सांगायचं? माझ्या मोबाइलवर दे ना. ऊन किती आहे, कुठे चक्कर आली तर? मी काही विचारणार नाही तिला. फक्त बघेन."

"फक्त बघेन," प्रणिता म्हणाली. "मीपण तेच म्हणत होते."

दिलेली परवानगी काढून घेता यायची, पण ज्याची त्यानेच. त्या संध्याकाळी प्रणिता मोबाइलवर तोच नकाशा उघडून दिवाणाजवळ बसली. "इथे अंगठा ठेवा आत्याबाई. म्हणजे नाव जाईल तुमचं."

"जागेले काही होनार नाही ना?"

"निकाल लागला. आता वीस वर्षं कुणी विचारणार नाही."

"वीस वर्षं मी कोठी रायतो!" त्या हसल्या. मग सुनेकडे न पाहता म्हणाल्या, "तुले काळजी नाही वाटनार?"

"वाटेल. खूप."

आत्याबाईंनी अंगठा ठेवला. नकाशावरचं नाव विझलं, आणि ठिपका बाकीच्या हजारो ठिपक्यांत मिसळून गेला.

एप्रिलच्या शेवटी पारा सत्तेचाळीसच्या वर गेला. शहर सायरन वाजवून लोकांना घरात बसायला सांगत होतं. चार वाजून गेले, साडेचार झाले. कानघरातला फोन वाजला.

"आई अजून आली नाही," प्रफुल्ल म्हणाला. "जागेवर जाऊन आलो, तिथे नाही. सुमनताई म्हणाल्या लवकरच निघाली. प्रणिता, तू ऐक ना एकदा. नाव नसलं म्हणून काय झालं, तुला तर नुसत्या कानाने ओळखता येतं."

येतं. तेच तर होतं. हेडफोन कानावर होते, पडद्यावर बिननावाचं शहर थपथपत होतं, आणि त्यात कुठेतरी एक टाच घासत असणार हे तिला ठाऊक होतं. दोन मिनिटांत सापडली असती. तिने एक रस्ता ऐकला. अर्धा. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"प्रणिता? आहेस ना? कुठे आहे ती?"

"बाहेर गेल्यात," ती म्हणाली.

"बाहेर म्हणजे कुठे?"

"बाहेर म्हणजे बाहेर. तुम्ही माठात पाणी भरून ठेवा. आल्या की पितील."

 पलीकडून माठाचं झाकण काढल्याचा आवाज आला.

प्रणिताने फोन ठेवला आणि दोन्ही हात टेबलाखाली मांडीवर दाबून धरले, कारण ते सारखे हेडफोनकडे जात होते. तशीच ती बसून राहिली. पावणेपाचला पुन्हा फोन वाजला, आणि पलीकडून प्रफुल्ल नव्हे, त्या स्वतःच बोलल्या.

"काय वं, माह्या पोराले माठ भराले लावते अन् पानी बाहेरच सांडून ठेवलं त्यानं. ये लवकर. जिलबी आनली हाय."